चाळीस जणांची शिदोरी

निवृत्त झाल्यापासून चार महिन्यांत मावशीने स्वयंपाकघरातली कपाटं तीनदा लावली होती. पहिल्यांदा डब्यांच्या उंचीप्रमाणे, दुसऱ्यांदा वापराप्रमाणे, आणि भाचीने साखर शोधता शोधता हात टेकले तेव्हा पुन्हा होती तशी. एकतीस वर्षं ती पूल बांधणाऱ्या एका कंपनीत छावण्यांची कोठारप्रमुख होती. पूल बांधायचा म्हणजे आधी नदीच्या काठावर दीडदोनशे माणसांनी वर्षभर राहायचं. ती माणसं पोचायच्या आधी तिथे पाणी, छप्पर, सरपण आणि धान्य पोचलेलं असायचं, ते हिच्या जिवावर. शेवटच्या दिवशी नव्या साहेबाने फुलं दिली आणि म्हणाला, "बरं झालं, आता तुमचं काम कॉम्प्युटर करेल, तुम्ही आराम करा." तो चांगल्या मनाने बोलला होता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

भाची म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी मावशीकडे राहायला आली आणि घरचीच होऊन गेली. आठवडाभर मेणाचे जबडे कोरायचे आणि रविवारी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचा, हा तिचा नेम. मावशी त्याला 'तुझी ती बोट' म्हणायची आणि त्यापलीकडे त्यात लक्ष घालत नसे.

त्या रविवारी दुपारी मावशी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. बाहेरच्या खोलीतून भाचीचा आवाज आला, "गेले! सगळे गेले! चाळीसच्या चाळीस!"

मावशीच्या मांडीवरची परात उलटली. वाटाणे तुडवत ती धावत बाहेर आली. "कोण गेले?"

"माझी माणसं," भाचीने पडद्याकडे बोट दाखवलं. एक उजाड, खडकाळ बेट, अर्धवट झोपड्या, आणि रिकामं जहाज. "उत्तरेच्या बेटावर वसाहत करायला नेली होती. पीक यायला अकरा दिवस उरले होते आणि शिधा संपला. सोडून गेली."

"म्हणजे मेली नाहीत ना?"

"मेल्यासारखीच. हा आमचा चौथा प्रयत्न. आणि आम्हीच नाही गं, जगभरातल्या गटांनी मिळून सत्तावन्न वेळा प्रयत्न केलाय. एकालाही त्या बेटावर वसाहत करता आली नाही. लोक म्हणतात, गेम बनवणाऱ्यांचाच हिशोब चुकलाय."

मावशी वाटाणे वेचायला वळली होती, ती थांबली. शिधा संपला, हे शब्द तिने आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकले होते, आणि स्वतःच्या छावणीबद्दल तर कधीच नाही. ती स्टूल ओढून बसली.

"जहाजात माल किती मावतो?"

"पाचशे पेट्या. माणसांची जागा वेगळी."

"एक माणूस खातो किती?"

"पाच दिवसांना एक पेटी. पोचायलाच दहा दिवस लागतात, ते धरून."

"मग पोचल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"कोठार बांधतो, विहीर खणतो, झोपड्या उभ्या करतो, मग जमीन तयार करून पेरतो. पेरल्यापासून तीस दिवसांनी पीक."

"पेरणी सगळ्यात शेवटी?"

"गाईडमध्ये तसंच लिहिलंय."

"गाईड लिहिणारा जेवलेला असणार," मावशी म्हणाली. "त्या गेमचे नियम कुठे लिहिलेत? सगळे. मला कागदावर काढून दे."

सोमवारी भाची कामाला गेली ती टेबलावर अकरा पानं ठेवून. मावशीने चष्मा पुसला, चौकटीची वही काढली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच दुपारची झोप विसरली. संध्याकाळी भाची घरात शिरते न शिरते तोच तिने वही पुढे केली.

"बघ. तुमच्या पद्धतीने गेलं तर बांधकामाला नऊ दिवस, शेताला तीन, पीक तीस आणि प्रवास दहा. बावन्न दिवस. चाळीस माणसांना चारशे सोळा पेट्या नुसता शिधा. बेटावर झाडं नाहीत, म्हणजे लाकूड इथूनच न्यायचं, दीडशे पेट्या. अवजारं आणि बियाणं पन्नास. झाल्या सहाशे सोळा. जहाजात मावतात पाचशे. अगं, तुम्ही निघतानाच उपाशी होता!"

"म्हणून तर आम्ही लाकूड कमी नेतो."

"आणि झोपड्या अर्ध्या राहतात. आता आधी पेरा. पोचल्या पोचल्या तीन दिवसांत पेरणी, बांधकाम पीक वाढता वाढता. नऊ दिवस वाचले. एकूण पाचशे चव्वेचाळीस."

भाचीचे डोळे चमकले आणि लगेच विझले. "अजूनही चव्वेचाळीस जास्त."

"माहितीये," मावशी म्हणाली आणि वही मिटली. ते चव्वेचाळीस तिला मंगळवारभर छळत राहिले. भाजी चिरताना चव्वेचाळीस, कपडे वाळत घालताना चव्वेचाळीस. माणसं कमी न्यावीत तर नियम आडवा येत होता. कोठार, विहीर, पहिलं पीक कोठारात आणि चाळीस माणसं बेटावर, एवढं असल्याशिवाय वसाहत मानतच नव्हते. लाकडात एक फळी कमी करता येत नव्हती. खाणं तर ठरलेलंच.

बुधवारी सकाळी ती पुन्हा पानं घेऊन बसली आणि नवव्या पानावर, मासेमारीच्या नियमांत, एक ओळ तिच्या नजरेला पडली. कुठल्याही निर्जन किनाऱ्यावर बारा माणसांपर्यंत तात्पुरता तळ ठोकता येतो. गेम खेळणारे लोक असा तळ मासे पकडायला वापरत. मावशीने ती ओळ दोनदा वाचली आणि एकटीच हसत सुटली. दीडशे माणसं पहिल्याच दिवशी नदीवर कधी नेली होती का तिने? कधीच नाही! आधी बारा-पंधरा जणांची पुढची तुकडी जायची, विहीर-छप्पर-कोठार करायची, आणि सगळी तयारी झाली की बाकीचे. चाळीस म्हटल्यावर चाळीस, असं गेमने सांगितलं आणि तिनेही मुकाट्याने ऐकलं होतं.

तिने भाचीला लॅबमध्ये फोन लावला. "ते अठ्ठावीस जण बेटावर बसून काय करतात?"

"कोण अठ्ठावीस?"

"चाळीसातून बारा गेले, उरले ते. पीक उगवायची वाट बघत बसून खातात. वाट तर घरी बसूनही बघता येते! घरी शिध्याला तोटा नाही ना?"

पलीकडे यंत्राचा घरघराट बंद झाला. मग भाची हळूच म्हणाली, "मावशी, मी संध्याकाळी पळत येते."

शनिवारी संध्याकाळी गटाची बैठक भरली. गटात चौघे. भाची, दोन जुळ्या बहिणी ज्यांना सगळे 'जुळ्या' एवढंच म्हणत, आणि कप्तान. कप्तानाचा खरा धंदा टायर विकण्याचा, पण आवाज असा की दहा जहाजं बुडवून आलाय. भाचीने हेडफोन काढून स्पीकर लावला.

"काकू," कप्तान अदबीने म्हणाला, "आम्ही तीन वर्षं हा गेम खेळतोय."

"मग तीन वर्षं उपाशी का राहताय?"

जुळ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशीने वही उघडली.

"पहिल्या खेपेला बारा माणसं. वसाहत म्हणायचं नाही, नुसता तळ. पोचल्यावर, हात कमी म्हणून, दहा दिवसांत पेरणी. मग स्वतःपुरत्या तीन झोपड्या, चार दिवसांत. पंधरा दिवस छप्पर नसेल तर माणसं आजारी पडतात, आपलं चौदाव्याला होतं. मग विहीर, मग कोठार, मग उरलेल्या पाच झोपड्या. सगळं अठ्ठेचाळिसाव्या दिवशी संपतं, पीक येतं पन्नासाव्याला. जहाज मधल्या काळात परत येऊन अठ्ठावीस जणांना घेऊन अठ्ठेचाळिसाव्याच दिवशी तिथे लागेल. बारा जणांना पन्नास दिवसांच्या एकशे वीस पेट्या. अठ्ठावीस जणांना बारा दिवसांच्या अडुसष्ट. चारशे सोळाच्या जागी एकशे अठ्ठ्याऐंशी."

  

"थांबा," कप्तान म्हणाला. तो आकडे लावत होता, पुटपुटणं ऐकू येत होतं. "म्हणजे पहिल्या खेपेला... तीनशे वीसच होतात. एकशे ऐंशी पेट्यांची जागा मोकळी! काकू, तिथे आपण तोफा नेऊ! आजवर कुणी उत्तरेत तोफा नेल्या नाहीत."

"कुणावर डागणार?"

"दिसतात छान."

"साठ पेट्या जादा लाकूड," मावशी म्हणाली, "आणि चाळीस पेट्या जादा शिधा. ऐंशी उरतात, त्यात तुझ्या तोफा घाल."

"पण हिशोबात तर लाकूड दीडशेच लागतंय! साठ कशाला?"

"हिशोबात नसलेल्या गोष्टींसाठी."

त्यावरून अर्धा तास वाद झाला. कप्तान म्हणाला, हिशोब पक्का असेल तर जादा कशाला आणि कच्चा असेल तर जायचंच कशाला. मावशी शांतपणे म्हणाली की छावणीवर ती प्रत्येक वेळी जादा माल न्यायची, आणि प्रत्येक वेळी साहेब हेच विचारायचे. शेवटी जुळ्यांनी मावशीच्या बाजूने मत दिलं आणि कप्तान ऐंशी पेट्यांच्या तोफांवर तडजोडीला तयार झाला.

रविवारी सकाळी दहा वाजता जहाज निघालं. गेममधले आठ दिवस म्हणजे खरा एक दिवस, तेव्हा आठवडाभराचं काम. ही बातमी गेम खेळणाऱ्यांमध्ये पसरली. बारा माणसं आणि तोफा घेऊन कुणीतरी उत्तरेला निघालंय म्हणून लोकांनी यथेच्छ टिंगल केली. 'मासे पकडायला तोफा,' एकाने लिहिलं, आणि ते हजारभर लोकांना आवडलं.

सोमवारी जहाज पोचलं. मंगळवारी शेत पेरून झालं. बुधवारी सकाळी, एक दिवस हातात राखून, बारा जणांच्या डोक्यावर छप्पर आलं. भाची कामावर जायची तेव्हा मावशी कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून नजर ठेवायची. हात मात्र लावायची नाही. "मी नुसती बघते," ती म्हणायची. वहीत आकडे, डोळ्यासमोर बेट, बाजूला थंड होत जाणारा चहा. विहिरीला पाणी लागलं तेव्हा तिने टाळी वाजवली आणि मग घरात कुणी नाही ना, हे बघून घेतलं.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला बेटावरचं आभाळ काळं झालं. बघता बघता समुद्र किनाऱ्यावर चढला. पीक वीतभरच होतं, ते आडवं झालं आणि पुन्हा उभं राहिलं. पण पाच दिवस बांधत आणलेलं कोठार पत्त्यांच्या बंगल्यासारखं बसलं, आणि त्याच्या वाशांमधलं पंचवीस पेट्यांचं लाकूड लाटांबरोबर निघून गेलं.

स्पीकर खरखरला. "काकू! आहात का? पोरगी कुठाय?"

"कामावर."

"संपलं सगळं! जहाजाची दुसरी खेप आत्ताच्या आत्ता सोडायला सांगा तिला! अठ्ठावीस माणसं पोचली तरच काहीतरी होईल!"

मावशीने भाचीला फोन लावला. "मावशी, माझ्या हातात ओला साचा आहे," भाची कुजबुजली. "मी आत्ता नुसती हलले तरी एका आजोबांचे दात वाकडे होतील. तुला योग्य वाटेल ते कर."

"मला ते उंदीर फिरवायचं जमत नाही."

"बोटांनी धर आणि जिथे जायचं तिथे ढकल. ठेवते."

मावशीने हात पदराला पुसले. कप्तान ओरडतच होता. तिने वही पुढे ओढली आणि, नदीला पूर आल्यावर मुकादमांशी बोलायची त्या आवाजात, म्हणाली, "कप्तान, एक मिनिट गप्प बस."

तो खरंच गप्प बसला.

"आज चौतिसावा दिवस. कोठार पहिल्यापासून बांधायला बारा दिवस. म्हणजे शेहेचाळीस. पीक पन्नासाव्याला. चार दिवस आपल्या हातात आहेत."

"लाकूड कुठाय? पंचवीस पेट्या वाहून गेल्या!"

"साठ जादा आणलंय."

कप्तानाने आवाज खाली आणला. मग बेताने विचारलं, "आणि झोपड्या? पाच राहिल्यात."

"त्या राहू देत. मागून येणाऱ्यांना पंधरा दिवस छपराशिवाय काढता येतात आणि येतील तेव्हा अठ्ठावीस जोड्या हात असतील. स्वतःची झोपडी स्वतः बांधतील, त्यांनाही बरं वाटेल. जहाज मात्र आत्ता सोडायचं नाही. चव्वेचाळिसाव्याला पोचलं तर कोठार उभं नसेल. कोठार नाही तोवर तळावर तेराव्या माणसाला जागा नाही. सगळी जहाजात बसून खातील."

"बरोबर," कप्तान म्हणाला. आवाजातली दहा जहाजं कुठे गेली कोण जाणे, टायरवाला तेवढा उरला होता. "आता काय करू?"

"तू काही करू नकोस. मला सांग, कोठारावर माणसं लावायची तर कुठे दाबायचं?"

तो सांगत गेला आणि ती एका बोटाने दाबत गेली. पडद्यावरचा बाण कधी समुद्रात जाई, कधी तोफांवर. एकदा तर तिने तीन माणसं चुकून मासे पकडायला पाठवली आणि हाका मारून परत बोलावल्यासारखी "इकडे, इकडे" करत त्यांना मागे आणलं. सव्वाचारला बाराही जण कोठाराच्या जागेवर उभे होते आणि पहिला वासा वर चढला. मावशीने वहीत वेळ टिपली.  पूर ओसरल्यावर पहिला ट्रक वर चढताना बघितला की ती असंच करायची.

जहाज दुसऱ्या खेपेला ठरल्या वेळी सुटलं. शनिवारी पहाटे चारला, शेहेचाळिसाव्या दिवशी, कोठारावर छप्पर आलं. त्या दिवशी भाचीने सुट्टी घेतली होती. सकाळी दहाला जहाज बेटाला लागलं, अठ्ठावीस माणसं उतरली आणि उतरल्या उतरल्या झोपड्यांच्या कामाला भिडली. आता बघणाऱ्यांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात वाढत चालला होता. नऊशे, चार हजार, अकरा हजार. मासे पकडायला तोफा म्हणणाराही त्यांत होता. 

चार वाजायला आले. भाचीने मावशीचा हात धरला होता.   शेत पिवळं झालं, एकेक पेंढी उचलली गेली, कोठाराचं दार उघडलं आणि पहिली पेटी आत गेली. मग दुसरी. मग मोजता येईनात.

पडद्यावर अक्षरं उमटली. उत्तरेच्या बेटावर वसाहत स्थापन झाली.

मग जो कल्लोळ झाला तो शेजारच्यांनीही ऐकला. भाची खुर्चीवर उभी राहून नाचली. जुळ्या एकाच वेळी किंचाळल्या. कप्तानाने काही न विचारता सगळ्या तोफा उडवून टाकल्या. बेटावर धूरच धूर झाला, आणि बघणाऱ्या अकरा हजार लोकांच्या अभिनंदनाचे निरोप इतक्या वेगाने वर सरकत गेले की मावशीला एकही धड वाचता येईना.

"छान दिसतात हो तोफा," ती म्हणाली.

"काकू," कप्तान म्हणाला. "नाही, मावशीच म्हणतो. त्या साठ पेट्यांवरून मी तुमच्याशी भांडलो. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो."

"अरे, साहेब लोक एकतीस वर्षं भांडले. तू निदान चूक तरी मान्य केलीस." मग तिने वहीत बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "शिधा मात्र चाळीस पेट्या शिल्लक राहिला. तेवढं आणायला नको होतं."

भाची खुर्चीवरून उतरून तिच्या गळ्यातच पडली. मावशीचा चष्मा तिरका झाला. तो तिने तसाच राहू दिला. आपलं काम संपलेलं नाही, हे कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या बोटांना, पाठीला, भुकेला ते कळलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती, आणि त्या दिवशी ती भाचीपेक्षा दोन घास जास्त जेवली.

रविवारी सकाळी भाची उठून बाहेर आली तर मावशी आधीच कॉम्प्युटरसमोर बसलेली. पुढ्यात सत्तर-ऐंशी निरोप. कुठकुठल्या गटांनी आपापल्या याद्या पाठवल्या होत्या, आमचं काय चुकतंय बघा म्हणून. मावशी एका बोटाने उत्तर टाइप करत होती.

"काय लिहितेस?"

"या बाईंना विचारतेय, पूर्वेच्या वाळवंटात साठ माणसं नेताय, ती पाणी काय पडद्यावरचं पिणार का." तिने मान वर केली. "आणि कप्तानाचा फोन येऊन गेला. त्याला दक्षिणेच्या बर्फात वसाहत करायचीये. मी म्हटलं, करू. पण यावेळी सगळ्यांनी आधी आपापला हिशोब करून आणायचा. मी फक्त चुका काढणार."

"मीसुद्धा?"

"तू तर आधी. बर्फात सरपण किती लागतं, चहा ठेवता ठेवता विचार कर."